सोलो अल्बम, मग मागे एवढी माणसं कशाला?

माझ्या भाचीला एक खोड आहे. गाणं आवडलं की ते पुन्हा ऐकण्याआधी कोणी काय वाजवलंय त्याची यादी ती शोधून वाचते. परवा रात्री जेवणं आटोपल्यावर फोन घेऊन आली.

“मामा, हा सोलो अल्बम आहे म्हणे. आणि वाजवणाऱ्यांची नावं बघ, संपतच नाहीयेत. अख्खे बँडच्या बँड आहेत यात. मग सोलो काय डोंबलाचं?”

अल्बम होता अमेरिकन गायक पॉल सायमनचा ‘ग्रेसलँड’. १९८६ सालचा, म्हणजे तिची आई शाळेत होती तेव्हाचा. मी उत्तर द्यायच्या आत दुसरा प्रश्न आला: “आणि हे आहे तरी काय? रॉक, पॉप की आफ्रिकन?”

प्रश्न तिचा एकटीचा नाही. हल्ली दर आठवड्याला कोणाचं ना कोणाचं ‘फ्यूजन’ येतं. लावणीखाली ड्रमचा ठोका, अभंगाला गिटार. मग एक म्हणतो वाट लावली, दुसरा म्हणतो संगीताला सीमा नसते. हे मिश्रण झालं कसं, आधी काय आलं, नंतर काय, कोणाचं नाव कुठे लागलं, याकडे कोणीच बघत नाही. म्हणून हा एकच अल्बम सुटा करून बघू.

सोलो म्हणजे एकट्याने नव्हे

लग्नपत्रिका घरातल्या मोठ्यांच्या नावाने निघते. लग्न मात्र अख्खं घर, शेजारी आणि केटरर मिळून उरकतात. सोलो अल्बमचं तसंच आहे. पत्रिका एकाच्या नावाची. कोणाला बोलवायचं, काय ठेवायचं, काय कापायचं हे तोच ठरवतो, आणि पडलं तर आपटतोही तोच.

पॉल सायमनला हा शब्द चिकटला त्याला कारणही आहे. आर्ट गार्फंकलबरोबरची त्याची जोडी जगप्रसिद्ध होती. १९७० मध्ये ती फुटली. त्यानंतर सायमनने स्वतःच्या नावावर जे काढलं ते सगळं सोलो. इथे सोलोचा विरुद्ध शब्द ‘जोडी’ किंवा ‘बँड’ एवढाच.

दुसरा शब्द सिंगर-सॉन्गरायटर. स्वतःच लिहिणारा, स्वतःच चाल लावणारा आणि स्वतःच गाणारा. भावगीतात आणि चित्रपटगीतात आपण या तीन कामांची तीन माणसं धरतो, म्हणून तो शब्द आपल्याला परका वाटतो. आपल्याकडे त्याच्या सगळ्यात जवळचा म्हणजे शाहीर. डफ हातात, कवन स्वतःचं, आवाज स्वतःचा. मागे झील धरणारे असतात, तरी फड शाहिराच्याच नावाने ओळखला जातो.

वरून भुरभुरलेलं आणि पिठात मळलेलं

मिश्रण दोन तऱ्हांनी होतं. एक सोपी तऱ्हा: गाणं पूर्ण तयार करायचं आणि शेवटी वरून परदेशी चव भुरभुरायची. मधल्या संगीतात सतारीचा एक तुकडा टाकला की झालं. पिझ्झ्यावर चाट मसाला टाकला म्हणून पिझ्झ्याचं पीठ बदलत नाही.

दुसरी तऱ्हा अवघड. तिथे पीठच दुसऱ्याच्या घरून येतं.

सायमनची नेहमीची पद्धत बहुतेक गीतकारांसारखी होती. गिटार घेऊन बसायचं, शब्द आणि चाल जुळवायची, मग वादकांना बोलवायचं. १९८३ चा त्याचा अल्बम चालला नाही. लग्नही मोडलं होतं. अशा काळात, १९८४ मध्ये, त्याच्या हातात दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या वस्त्यांमधल्या संगीताची एक कॅसेट आली. अ‍ॅकॉर्डियनवरची नाचाची गाणी. गाडीत ती कॅसेट लावून ठेवायची आणि तिच्यावर आपल्याच चाली गुणगुणायच्या, असं त्याचं सुरू झालं. त्यातल्या एका तुकड्यावर गाणं करायचं त्याने ठरवलं आणि वाजवणारे कोण याचा शोध घेतला.

फेब्रुवारी १९८५ मध्ये तो ध्वनिमुद्रक रॉय हॅलीला घेऊन जोहान्सबर्गला गेला. तिथल्या ओव्हेशन स्टुडिओत सुमारे दोन आठवडे वेगवेगळे बँड आले, वाजवून गेले. सायमनकडे दाखवायला तयार गाणी नव्हती. ‘तुम्ही वाजवता तसं वाजवा’ एवढंच. हाती आले ते लांबलचक ट्रॅक. ट्रॅक म्हणजे ठेका, बास (खालच्या सुरांची गिटार), गिटार, अ‍ॅकॉर्डियन यांचा बिनशब्दांचा पाया. ते घेऊन तो न्यूयॉर्कला परतला. हॅलीने कापाकापी करून त्यांना आकार दिला आणि मग सायमन त्यावर शब्द आणि गायची चाल बसवत गेला. अल्बम बाहेर यायला ऑगस्ट १९८६ उजाडला.

म्हणजे उलटा संसार. आधी घर, मग माणसं.

मराठी वाचकाला हे नवलाचं वाटू नये. संगीत नाटकांची जुनी छापील पुस्तकं कोणाच्या माळ्यावर असतील तर काढून बघा. पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात लिहिलेलं असतं ‘चाल –’ आणि पुढे मूळ गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. कधी कानडी पदाची चाल, कधी हिंदुस्थानी ठुमरीची, कधी घरचीच लावणी किंवा दिंडी. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘शाकुंतला’पासून ही पद्धत सुरू आहे. तयार चालीवर मराठी शब्द बसवायचे आणि चाल कुठली ते सरळ छापायचं. त्या एका ओळीचं मोल पुढे कळेल.

या पिठात आहे काय काय?

अल्बममध्ये अकरा गाणी आहेत. सगळ्यांची चिरफाड नको. चार-पाच घटक ओळखता आले तरी पुरे.

पहिला आहे म्बाकांगा. जोहान्सबर्गच्या आसपासच्या काळ्या वस्त्यांमधलं नाचाचं संगीत: उड्या मारणारा बास, टणटणणारी गिटार, पायाला स्वस्थ बसू न देणारा ठेका. झुलू भाषेत हा शब्द मक्याच्या पिठाच्या रोजच्या जेवणातल्या पदार्थाचा. आपण एखाद्या संगीतप्रकाराला ‘झुणका-भाकर’ म्हणावं, तसं.

दुसरा इसिकाथामिया. उच्चाराला जड, ऐकायला अतिशय मऊ. यात वाद्य एकही नाही, नुसते पुरुषांचे आवाज. खाणीत आणि कारखान्यात राबायला गावाकडून आलेले मजूर पुरुषांच्या वसतिगृहात राहत. शनिवारी रात्री तिथे गाण्याच्या स्पर्धा रंगत. पाय आपटून नाचावं तर पहारेकरी ओरडणार, म्हणून चवड्यांवर, आवाज न करता नाचायचं. इसिकाथामिया या नावातच ते दबकं पाऊल आहे. या प्रकारातला सर्वांत नामांकित संघ म्हणजे जोसेफ शबालालाचा लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो. माम्बाझो म्हणजे कुऱ्हाड, स्पर्धेत समोरच्याला तोडून टाकणारी! ‘होमलेस’ या गाण्यात फक्त हेच आवाज आणि सायमनचा आवाज ऐकू येतो.

तिसरा घटक लेसोथोचा, म्हणजे दक्षिण आफ्रिकेने चहूबाजूंनी वेढलेल्या छोट्या देशाचा. पहिल्याच गाण्याची सुरुवात करणारं अ‍ॅकॉर्डियन तिकडच्या फोरेरे मोत्लोहेलोआ यांचं. इथे जरा थांबतो, कारण अ‍ॅकॉर्डियन हे आपल्या पेटीचं सख्खं चुलत भावंड. दोन्हींत भात्याची हवा, दोन्हींत धातूच्या पट्ट्यांचे सूर, दोन्ही युरोपातून आलेली. पेटी आपल्या कीर्तनात आणि नाटकात इतकी मुरली की ती परकी आहे हे सांगावं लागतं. आणि ती परकी आहे हे सांगणारेही होते: आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती. तेव्हा ‘अस्सल आफ्रिकन’ ट्रॅकवर युरोपातलं वाद्य कसं, असं विचारणाऱ्याने आधी घरातल्या पेटीकडे बघावं.

हेच अ‍ॅकॉर्डियन अल्बमच्या शेवटाला आपल्याला थेट अमेरिकेत आणून सोडतं. शेवटून दुसऱ्या गाण्यात लुइझियानाचं झायडेको आहे, म्हणजे तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या काळ्या समाजाचं नाचाचं संगीत. शेवटच्या गाण्यात लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांचा बँड लॉस लोबोस आहे. कुठे लेसोथो, कुठे लुइझियाना! भाता मात्र एकच.

मग सायमनने केलं काय?

पाया दुसऱ्यांचा, वादन दुसऱ्यांचं. हा नुसता मालक का?

पहिली गोष्ट शब्द. सायमनने आफ्रिकेबद्दल लिहायचा आव आणला नाही. त्या उसळत्या ठेक्यावर त्याने न्यूयॉर्कमधला चाळिशी ओलांडलेला, स्वतःवरच वैतागलेला माणूस आणून उभा केला. ‘ग्रेसलँड’ हे शीर्षकगीत तर मेम्फिसमधल्या गायक एल्विस प्रेस्लीच्या त्याच नावाच्या घराबद्दल. चाल बसवताना तोंडात आलेला तो शब्द काही केल्या हटेना, तेव्हा तो खरोखरच ते घर बघून आला.

दुसरी गोष्ट कान. याच गाण्यात स्टिमेला बँडच्या रे फिरीने एका जागी असा कॉर्ड वाजवला जो तिथल्या संगीतात सायमनने फारसा ऐकला नव्हता. (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेल्या तीन-चार सुरांचा जुडगा.) हा कुठून आणलास, असं त्याने विचारलं. फिरीच्या उत्तराचा आशय असा की, तू लिहितोस तसं वाजवून बघत होतो. म्हणजे सायमन त्यांच्यासारखं व्हायला गेला आणि ते त्याच्यासारखं वाजवायला लागले. माझ्या मते अख्ख्या अल्बमची किल्ली या एका कॉर्डात आहे. मिश्रण एकतर्फी असतं तर ते इतकं एकजीव झालंच नसतं. पुढे त्याच गाण्यावर नायजेरियाच्या वादकाची स्टील गिटार चढली आणि अमेरिकेच्या एव्हर्ली बंधूंचे आवाजही.

तिसरी गोष्ट कात्री. ‘यू कॅन कॉल मी अल’ ऐका, पण फोनच्या स्पीकरवर नको. त्यावर बास ऐकूच येत नाही. कानात नीट हेडफोन घालून, टिनाच्या छोट्या बासरीचा तुकडा संपला की गाण्याच्या शेवटाकडे वाट बघा. अचानक बास गिटारची एक लगड सुटते, जिना धडधड उतरून तसाच चढावा तशी. वाजवणारा बाकिथी कुमालो. त्याच्या गिटारला पडदे नाहीत. सतारीला पडदे असतात, सरोदला नसतात, म्हणून सरोदवर बोट घसरतं आणि मींड निघते. तसाच हा घसरता आवाज. गंमत अशी की त्याने त्या लगडीचा अर्धाच भाग वाजवलाय. उरलेला अर्धा म्हणजे तीच टेप उलटी फिरवून जोडलेली. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य उलटीकडून वाचलं तरी तेच राहतं ना, तसा हा सुरांचा चिमा काय कामाची.

बोटं कुमालोची, उलटं करून जोडायची युक्ती स्टुडिओतली. हा तुकडा कोणाचा, सांगा बरं?

“मग ही सरळ चोरीच की!”

भाचीही हेच म्हणाली. उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात येत नाही. तीन गोष्टी वेगवेगळ्या बघाव्या लागतात: मजुरी, नाव आणि हक्क.

मजुरी म्हणजे वाजवल्याचे पैसे. सायमनने जोहान्सबर्गच्या वादकांना न्यूयॉर्कच्या वादक संघटनेच्या दराच्या तिप्पट दिले. तिथल्या स्टुडिओच्या दरापुढे ही रक्कम कैकपट होती.

नाव म्हणजे अल्बमवर कोणी काय वाजवलं ते छापणं. तेही आहे, म्हणून तर भाचीला यादी सापडली. आपल्याकडे याची किंमत गोव्याच्या वादकांना विचारावी. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात व्हायोलिनच्या ओळी लिहिणारे, वाद्यमेळ बांधणारे अरेंजर बहुतांशी गोव्याचे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली बिनीची नावं. रेकॉर्डवर नाव संगीतकाराचं. गोन्साल्विसांचं नाव देशभर पोचलं ते १९७७ च्या सिनेमातल्या गाण्यामुळे, आणि तेही त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूची आठवण ठेवली म्हणून.

हक्क सगळ्यात महत्त्वाचा. मजुरी एकदाच मिळते. लेखनात नाव असलं तर गाणं वाजेल तेव्हा तेव्हा पैसे येतात. यालाच रॉयल्टी म्हणतात. घर बांधणाऱ्या गवंड्याला मजुरी मिळते, घरमालकाला दर महिन्याला भाडं. वादक गवंडी की भागीदार, हा खरा प्रश्न. ‘ग्रेसलँड’च्या पाच गाण्यांवर आफ्रिकन वादकांची नावं सहलेखक म्हणून आहेत: मोत्लोहेलोआ, शबालाला, जनरल शिरिंडा वगैरे. नाट्यपदाच्या डोक्यावरच्या ‘चाल –’ या ओळीच्याही हे एक पाऊल पुढे आहे. त्या ओळीने श्रेय मिळायचं, पैसा नाही.

हक्क नसला तर काय होतं याची गोष्ट त्याच शहरात घडली होती. सोलोमन लिंडाने १९३९ मध्ये जोहान्सबर्गला ‘म्बुबे’ नावाचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. म्बुबे म्हणजे सिंह. दहा शिलिंगांत त्याचे हक्क गेले. त्यातून पुढे अमेरिकेत ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ झालं, जगभर गाजलं. लिंडा १९६२ मध्ये जवळपास कंगाल अवस्थेत वारला. त्याच्या मुलींना कोर्टकचेरी करून तडजोडीने पैसे मिळाले ते २००६ मध्ये.

या पार्श्वभूमीवर सायमनचं पारडं जड दिसतं. पण सगळंच साफ नाही. शेवटच्या गाण्यावरून लॉस लोबोसने जाहीर तक्रार केली: संगीत आमचं, लेखक म्हणून नाव मात्र एकट्या सायमनचं. सायमनने हा आरोप मान्य केला नाही. स्टुडिओत सगळे मिळून छेडत बसले असताना ‘गाणं’ नेमकं कधी जन्मलं आणि कोणाच्या हातून, हे नंतर ठरवणं महाकठीण. तिथे ज्याचं नाव पत्रिकेवर, त्याची बाजू आपोआप वरचढ ठरते.

“पण बहिष्कार असताना गेलाच का?”

हा आक्षेप चोरीच्या आक्षेपापेक्षा वजनदार आहे, आणि तरुण वाचकांना बहुधा माहीत नसलेला.

दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णभेदाचं राज्य होतं. काळ्या लोकांना मताधिकार नाही, राहायला वेगळ्या वस्त्या, शहरात वावरायला परवाना. सायमनच्या रेकॉर्डिंगच्या वेळीसुद्धा संध्याकाळ झाली की वादक बेचैन व्हायचे, कारण अंधार पडल्यावर रस्त्यात पोलिसाने अडवलं तर कागद दाखवावे लागत. आत सगळे हसतखेळत वाजवतायत आणि एकाचं लक्ष घड्याळाकडे, हे चित्र डोळ्यांपुढे आणा.

या राजवटीविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९८० मध्ये सांस्कृतिक बहिष्काराचा ठराव केला होता. कलावंतांनी तिकडे जाऊ नये असं आवाहन होतं आणि मंडेलांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचा त्याला पाठिंबा होता. सायमनचं म्हणणं असं: मी गोऱ्यांच्या रिसॉर्टमध्ये गायला गेलो नाही, ती आमंत्रणं मी नाकारली आहेत. मी काळ्या वादकांबरोबर वाजवायला गेलो, आणि त्यांच्या संघटनेने मला या म्हटलं.

विरोधकांचं म्हणणंही बिनतोड होतं. बंद पुकारला असताना एखादा दुकानदार म्हणाला, ‘मी शटर उघडलं नाही, फक्त मागच्या दाराने गरजूंना माल दिला’, तर त्याचा हेतू चांगलाच असेल. पण प्रत्येकाने आपापला चांगला हेतू पुढे केला तर बंद उरतो कुठे? लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलबाहेर एप्रिल १९८७ मध्ये निदर्शनं झाली. अल्बममध्ये वर्णभेदावर थेट एकही गाणं नाही, यावरही टीका झाली.

मला काय वाटतं ते सांगतो. जायला हरकत नव्हती, पण आधी विचारायला हवं होतं. वर्णभेदाविरुद्ध लढणारे अमेरिकन गायक हॅरी बेलाफॉन्टे यांनी त्याला तसा सल्लाही दिला होता की आफ्रिकन नॅशनल काँग्रेसशी बोलून घे. त्याने बोलून घेतलं नाही. कलावंताला कोणाची परवानगी कशाला, हा त्याचा बाणा. ऐकायला छान आहे. पण ज्यांचे लोक तुरुंगात खितपत होते त्यांना एक निरोप धाडण्याने कलेचं काय बिघडणार होतं?

दुसरी बाजू वादकांची, आणि ती बहुतेक वेळा विसरली जाते. बहिष्काराची झळ राजवटीइतकीच त्यांनाही लागत होती. त्यांचं संगीत देशाबाहेर जायला वाटच नव्हती. १९८७ च्या दौऱ्यात देशाबाहेर दिवस काढणारे दक्षिण आफ्रिकेचे कलावंत, ट्रम्पेटवादक ह्यू मासेकेला आणि गायिका मिरियम माकेबा, सायमनबरोबर मंचावर उभे राहिले. शेजारच्या झिंबाब्वेत, हरारेच्या स्टेडियमवर काळे-गोरे प्रेक्षक एकत्र नाचले, जे सीमेपलीकडे शक्य नव्हतं. बहिष्कार उठल्यावर, जानेवारी १९९२ मध्ये, सायमन जोहान्सबर्गला जाहीर कार्यक्रम करू शकला.

मग मिळालं कोणाला?

सायमनला १९८७ चं सर्वोत्कृष्ट अल्बमचं ग्रॅमी मिळालं, पुढच्या वर्षी शीर्षकगीताला आणखी एक. लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझोचा पुढचा अल्बम सायमनने निर्माता म्हणून केला. त्यालाही ग्रॅमी मिळालं, आणि मग हा संघ स्वतःच्या नावावर जगभर फिरला. शबालाला २०२० मध्ये गेले, तरी संघ गातोच आहे. रे फिरी आणि कुमालो पुढेही सायमनबरोबर वाजवत राहिले. मुखपृष्ठावर नाव मात्र एकाचंच राहिलं. पत्रिकेचा नियम तोच.

एवढं सगळं ऐकून भाची म्हणाली, “ते उलटं बासचं मला पटत नाही. टेप फिरवली म्हणजे काय, ऐकूनच कळेल.” तिने गाणं लावलं, त्या लगडीचे काही सेकंद तेवढे रेकॉर्ड केले आणि रीलसाठी वापरते त्या ॲपमध्ये ‘रिव्हर्स’ दाबलं. एकदा ऐकलं. कपाळाला आठ्या घालून पुन्हा ऐकलं.

“मामा, बटण चालत नाहीये. तेच वाजतंय.”